कागद आठ प्रकारचे, चित्र एकही धड नाही

भांडारपाल (चिपळूण) | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एसटीच्या भांडार विभागात ३१ वर्षं काढली. नट, बोल्ट, फॅनबेल्ट, ब्रेक लायनर, जे काही आलं त्याला बिन कार्ड: आवक, जावक, शिल्लक. गेल्या वर्षी निवृत्त झालो. शाळेत असताना चित्रकलेचा नाद होता. एलिमेंटरी दिली, बी ग्रेड मिळाली, इंटरमिजिएटचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. आता वेळच वेळ आहे.

मुलगी पुण्यात असते. निवृत्तीच्या दिवशी तिने स्केचपॅड दिलं. स्पायरलचं, ए४, १८० जीएसएम, ३० पानं. हात फिरवला तर लग्नपत्रिकेसारखं लागतं. घोटाळा तिथेच झाला. एवढ्या भारी कागदावर काढायचं काय, म्हणून आठवडाभर नुसतं उघडून बघायचो आणि मिटायचो. शेवटी एका सकाळी तांब्या समोर ठेवला. बाकी सगळं जमलं, तोंडाचा लंबगोल काही जुळेना. डावीकडे टोक, उजवीकडे फुगवटा. खोडलं, काढलं, खोडलं. पाचव्या खेपेला कागदाला जुन्या टॉवेलसारखी लव आली आणि त्यावर पेन्सिल फिरवली की नुसता काळा धब्बा. पान फाडावं तर पॅड रोडावतं, न फाडावं तर उघडल्या उघडल्या दर्शन त्याच तांब्याचं. पाच महिन्यांत तीन पानं झाली.

मग वाटलं की कागदच चुकतोय. आणि माझ्यातला भांडारवाला जागा झाला.

आजचा साठा सांगतो. ते पॅड, शिल्लक २७ पानं. झेरॉक्सच्या कागदाचं एक रीम, ७५ जीएसएम, न उघडलेलं. कार्ट्रिजची, म्हणजे चित्रकलेच्या खरबरीत कागदाची, दहा मोठी शीटं, दुकानदाराने गुंडाळी करून रबर लावून दिली, ती अजून गुंडाळीच आहे, सोडली की सुर्रकन परत फिरते. आयव्हरी शीट सहा. मुलीने पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेले हातकागदाचे पाच ताव, कडा न कापलेले, त्यांना हात लावायचीसुद्धा भीती वाटते. खाकी क्राफ्टचा एक रोल. बटर पेपर. आणि पाठकोरे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणलेले, चांगले वीतभर.

प्रत्येकाला बिन कार्ड केलंय. आवक तारखेसकट आहे. जावकीचा रकाना बहुतेक कोरा. बायको म्हणते, डेपो भरला, आता गाडी कधी सोडताय?

तर विचारायचंय ते असं. नुकती सुरुवात करणाऱ्याने कशासाठी कुठला कागद घ्यावा? वही बरी की सुटे कागद? झालेल्या कागदांचं काय करता, ठेवता की रद्दीत देता? आणि कोकणातल्या पावसात हे ठेवायचं कुठे? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी मोठा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. मुलीची शाळेपासूनची चित्रं खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर त्या गठ्ठ्याची एक वीट झाली होती, पान पानापासून सुटेना. तेव्हापासून कुठलाही कागद ठेवायचा म्हटलं की माझी नजर आधी वर जाते. आत्ता सगळं माळ्यावर आहे. काढायचं तर शिडी लावावी लागते, हेही खरं.


चित्रकलेच्या बाई (वाई) | ९ जून, सकाळी ६:५५

भांडारपाल, मी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा थोडं वर्गात बोलल्यासारखं होईल. रागावू नका.

तुमचा अर्धा प्रश्न कागदाचा नाहीच, शिडीचा आहे. संध्याकाळी पंधरा मिनिटं मिळाली आणि मनात आलं की काहीतरी काढू, तर ती पंधरा मिनिटं शिडी आणण्यात जातात. पुराची भीती समजते, पण त्यातून काहीतरी मधली जागा काढा.

आठांपैकी सहा प्रकार माळ्यावरच राहू द्यात. खाली फक्त रीम आणि कार्ट्रिज आणा. रेघ शिकायची ती झेरॉक्सच्या कागदावर, छटा शिकायची ती कार्ट्रिजवर. कारण साधं आहे. झेरॉक्सचा कागद गुळगुळीत. त्यावर एचबी, २बी छान चालते, पण ६बी घेऊन काळं करायला गेलात की एका थरानंतर पेन्सिल नुसती घसरते आणि गडद व्हायच्या ऐवजी तो भाग चकाकायला लागतो. मुलं मग जोर लावतात, कागद पाठीमागून उमटतो आणि घरी जाऊन सांगतात की पेन्सिल खराब आहे. पेन्सिल बिचारी बरोबर असते. शिसं धरून ठेवायला कागदाला दाणा लागतो, तो कार्ट्रिजला असतो. तुमच्या पॅडलाही असणार, पण त्या पॅडची तुम्हाला भीती बसलीय, म्हणून ते सध्या नको.

पाठकोऱ्यांवर सरावाला ना नाही, पण मागची छपाई पुढे डोकावते आणि छटा ओळखायला शिकताना डोळा फसतो. त्यांचा उपयोग वेगळा. एकच कागद प्लायवूडवर ठेवून काढलंत तर लाकडाचे डोळे आणि रेषा चित्रात उतरतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच. खाली दहा-बारा पाठकोरे घातले की टोक थोडं रुततं आणि रेघ मऊ येते. हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी निम्मा वर्ग विसरायचा.

आता तांब्याचं तोंड. एक अख्खं पान त्यालाच द्या. एका पानावर पंचवीस-तीस लंबगोल, तांब्याबिंब्या काही नाही, नुसते लंबगोल. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवून या. मनगट टेकवायचं नाही, हात खांद्यातून फिरवायचा. पेन्सिल आधी कागदाच्या वर हवेतच दोन-तीनदा फिरवा आणि हात फिरत असतानाच अलगद खाली उतरवा. पहिले दहा बटाट्यासारखे येतील. येऊ देत. चांगल्या कागदावर तुम्ही हे कधीच केलं नसतं, एका पानावर एकच तांब्या काढला असतात आणि तोही खोडत बसला असतात.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही कागद टेबलावर सपाट ठेवून काढता का? तसं असेल तर एक बोर्ड करून घ्या आणि मांडीवरून टेबलाच्या कडेला टेकवून तिरका धरा. सपाट कागदाची वरची बाजू डोळ्यापासून लांब असते, ती आखूड दिसते, म्हणून आपण नकळत वरचा भाग ताणून काढतो.

कार्ट्रिजची गुंडाळी गादीखाली दोन रात्री ठेवली की सरळ होईल. मग चार तुकडे करा. २२ बाय २८ इंची शीट असेल तर ११ बाय १४ चे चार निघतात, आम्ही त्याला पाव शीट म्हणायचो. कुठल्या बाजूवर काढायचं हे बघायला शीट खिडकीपाशी तिरकं धरा. काही शीटांवर एका बाजूला जाळीची बारीक नक्षी दिसते. ती मागची बाजू समजा.

झालेल्या प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात तारीख आणि किती मिनिटं लागली ते लिहा. विषय लिहायची गरज नाही, तो दिसतोच, निदान दिसायला हवा. आणि रचताना तारखेने रचा. चांगली एकीकडे, वाईट एकीकडे असं मुळीच करू नका. काय चांगलं झालं हे त्या दिवशी कळत नाही.


कटिंगवाला (इचलकरंजी) | ९ जून, दुपारी २:१०

काका, आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. चित्र म्हणाल तर मला सरळ मासासुद्धा काढता येत नाही, पण कागद बोटाला कळतोय बघा.

जीएसएमचा लोकांनी बाऊ करून ठेवलाय. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. दर्जा नव्हे, जाडीसुद्धा नव्हे. ए० म्हणजे एक चौरस मीटर, त्याचे सोळा भाग केले की ए४. म्हणजे ७५ च्या कागदाचं एक ए४ पान पावणेपाच ग्रॅमला थोडं कमी आणि ५०० पानांचं रीम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास. कुणी ७५ सांगून ७० गळ्यात मारलं तर घरच्या काट्यावर दीडशे ग्रॅमचा फरक लगेच दिसतो. तुम्ही भांडारातले, तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगितलं.

१८० चं पॅड वाईट नाही हो. पण कोरड्या पेन्सिलीला एवढा जाड कागद लागत नाही. ओला ब्रश, शाई, हलका वॉश असं काही करायला लागलात की तो कामाला येईल. आयव्हरीसुद्धा पेनासाठी ठेवा, पेन त्यावर लोण्यासारखं चालतं, पेन्सिलीला काही उपयोग नाही.

पुढच्या वेळी दुकानात जायच्या आधी जवळच्या छापखान्यात जा. रोजच्या कटिंगमधून तुकडे निघतात. २३ बाय ३६ च्या शीटातून काम कापलं की कडेला पट्ट्या उरतात, कधी एखादं काम रद्द होतं आणि कापून ठेवलेला मॅपलिथो, म्हणजे छपाईचा बिनलेपाचा कागद, तसाच पडून राहतो. किलोवर देतात. चहा पाजलात तर कापूनही देतील. फक्त चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका, फुकट मिळाला तरी. त्याला वरून लेप असतो, पेन्सिल धरत नाही.

बाईंचं सगळं पटलं, एक सोडून. सुटे कागद पंख्याखाली घरभर उडतात. वही शिवा. गोधडी शिवायचा दोरा आणि दाभण घेतलं की दहा मिनिटांचं काम आहे. पण झेरॉक्सचे ए४ मधोमध दुमडून शिवू नका, ती वही नीट मिटत नाही, बेडकासारखं तोंड उघडून बसते. कागदाला धागा असतो, म्हणजे आतले तंतू एका दिशेने बसलेले असतात. ए४ ला तो बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो आणि आपण मधोमध दुमडतो ते बरोबर त्याच्या आडवं. धागा शिवणीला समांतर हवा. ओळखायचं कसं, तर कागदाचा चौकोनी तुकडा घ्या, एकाच बाजूने ओलं बोट फिरवा. तुकडा नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेला आडवी पडली तो धागा. वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, तेही त्याच्यामुळेच.


लोकल_७_५२ (डोंबिवली) | ९ जून, रात्री ११:३०

काका, डेपोचा विनोद ऑफिसात वाचून दाखवला. 😄

मी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. आमच्याकडे सरावाला न्यूजप्रिंट. पातळ, मळकट, पन्नासच्या आतलं जीएसएम. त्यावर खोडरबर चालवला तर कागदच फाटतो, आणि मला वाटतं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. तीस सेकंदांत माणूस काढायचा, पान उलटायचं. वर्षभरात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडाचा लगदा सगळ्या लिग्निनसकट असतो, लाकडातला हाच घटक पिवळा पडतो. पडू दे की. लोकलमध्ये मात्र खिशातली वही आणि जेल पेन. शाईचं पेन झेरॉक्सच्या कागदावर फुटतं, रेघेला मिशा येतात, तेवढं सांभाळा.

ठेवायचं म्हणाल तर मी काहीच ठेवत नाही. महिन्याच्या शेवटी फोटो काढते आणि रद्दीत. रद्दीवाल्या काकांनी एकदा त्यातलं एक भिंतीला लावलेलं, म्हणाले हा आमचा बाळ्या वाटतो.


चित्रकलेच्या बाई (वाई) | १० जून, सकाळी ७:०५

रद्दीत द्यायला तुम्हाला परवडतं, तुम्ही रोज त्यातच आहात. ज्याने नुकतं सुरू केलंय त्याने निदान सहा महिने एकही कागद टाकू नये. आणि कटिंगवाले, पंख्याचा प्रश्न दोन चिमट्यांनी सुटतो. वही एका दिशेने उलटते. सुटे कागद जमिनीवर एकदम पसरून बघता येतात. वर्गात तीस मुलांचे तीस तांबे मी फरशीवर मांडायचे. त्याच्याइतकं भाषणाने काही होत नाही.


माडाखाली (सावंतवाडी) | ११ जून, दुपारी ४:२०

वरचे सगळे घाटावरचे आणि मुंबईचे, पावसातल्या कागदाचं दुःख त्यांना काय कळणार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे वर्तमानपत्र सकाळी कुरकुरीत येतं आणि दुपारी फडक्यासारखं होतं. सर्दावलेल्या कागदावर पेन्सिल टोकदार चालत नाही, खोडरबर लावला की तंतू निघतात. काकांच्या टॉवेलच्या लवेत पाचव्या खेपेइतकाच हवेचाही हात असणार.

मी असं करतो. रीमचं वेष्टन पूर्ण फाडत नाही. त्याला ओल आत येऊ नये म्हणून लेप दिलेला असतो. एका टोकाला कापायचं, वीसेक पानं काढायची, तोंड परत दुमडून चिमटा. बाहेर वीस, आत बाकीची. कागद बाहेरच्या भिंतीला टेकवून कधीच ठेवायचा नाही, ओल भिंतीतून येते, छपरातून नव्हे. आतल्या दोन खोल्यांमधली भिंत बघा आणि तिथेही मागे दोन बोटं जागा सोडा.

झालेली चित्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करू नका. आत गेलेली ओल आतच राहते आणि गणपतीपर्यंत तपकिरी ठिपके येतात. माझी एका वर्षाची चित्रं अशीच गेली. मऊ पेन्सिलीची चित्रं एकमेकांवर घासून काळी होतात, मधे तुमचा तो बटर पेपर घाला, आणि वरून खाकीत सैल गुंडाळा. घ्या, तुमचे दोन प्रकार मार्गी लागले. कसरीसाठी मी सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो. खरं म्हणजे कसर खळीवर आणि डिंकावर येते, त्यामुळे खळ लावून चिकटवलेले पुठ्ठे या गठ्ठ्यापासून लांब ठेवणं जास्त महत्त्वाचं.


भांडारपाल (चिपळूण) | १२ जून, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. वाचून दोनदा हसलो आणि एकदा वरमलो. शिडीचं बाईंनी बरोबर पकडलं.

पॅड, आयव्हरी, हातकागद माळ्यावर ठेवून बिन कार्डावर 'गोठवलेला साठा' असं लिहिलं. बाकीचं खाली. सध्या प्रयोग सुट्या कागदांचा, वहीचं पुढे बघू. सुताराला बोर्ड सांगितलाय, तो उद्या देतो म्हणालाय. चिपळूणचा उद्या आहे, बघू.


भांडारपाल (चिपळूण) | १७ ऑगस्ट, रात्री ९:०५

दोन महिने काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता आहे.

आधी जागेचं सांगतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर एक फळी ठोकून घेतली. २०२१ च्या पाण्याची रेघ अजून रंगाखालून पुसट दिसते, पावसाळ्यात जास्तच. फळी तिच्या चार बोटं वर आहे. माझ्या खांद्याला येते, उभ्या उभ्या कागद काढता येतो. मागे दोन बोटं जागा सोडलीय. सुतार म्हणाला, फळी भिंतीला लागत नाही, मोजमाप चुकलं का? त्याला सावंतवाडीचं सगळं सांगत बसलो नाही.

फळीवर डावीकडे रीम, चिमटा लावलेलं. उजवीकडे झालेले, तारखेने. मधे काही नाही. बिन कार्ड एकच ठेवलं. आज जावक २३१.

लंबगोलांचं म्हणाल तर पहिला आठवडा बटाटेच. मग एका दिवशी पानावर दोन बरे आले, कुठले ते मीच ओळखले. हवेत फिरवून उतरवायचं ते बाईंचं खरंच लागू पडतं, पण आधी हाताला लाज वाटते. समोर कुणी नसताना करावं.

आता खरी गंमत. १५ ऑगस्टला मुलगी आली होती. तिने गठ्ठा उचलला आणि अंगठ्याने फर्रर्र उलटला, आम्ही लहानपणी वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढायचो तसा. त्यात एकच तांब्या साठ-सत्तर वेळा असेल. सुरुवातीचे सगळे तांबे लांब मानेचे, तोंड ऐसपैस, खालून आटलेले. तांबे कसले, फुलदाण्याच. आणि मधेच एकदम मान बसते, पोट भरतं, तांब्या होतो. मुलगी म्हणाली, बाबा, इथे काय झालं? मागची तारीख बघितली, ३ जुलै. सुताराचा 'उद्या' त्या दिवशी उगवला होता. बोर्ड आला तो दिवस. मला वाटत होतं की हळूहळू सुधारतंय. हळूहळू काही नव्हतं, एका रात्रीत झालं होतं आणि ते प्लायच्या एका तुकड्याने झालं होतं. चांगली वेगळी, वाईट वेगळी अशी रचली असती तर हे दिसलंच नसतं.

छटेचा प्रकार अजून कठीण जातोय. पाव शीट दर रविवारी एक. तांब्याच्या पोटावर खिडकीचा उजेड पडतो ती जागा मी कोरी सोडायला विसरतो आणि मग खोडून आणतो. परवा प्रथमच आधीपासून सोडली. कार्ट्रिजवर ६बी कशी चढत जाते ते बघून रीमवरच्या त्या चकाकत्या करड्या डागांची आता दया येते.

कटिंगवाले, तुमचा वजनाचा हिशेब करून बघितला, राहवलं नाही. झालेले सगळे रीमचे कागद स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. १०५६ ग्रॅम. एका पानाचे ४.६८ धरले तर २२५ ते २२६ पानं होतात. कार्डावर २३१. पाच पानांची तूट. ३१ वर्षांत असा फरक मी कधी सोडला नाही, शोधतोय.


कटिंगवाला (इचलकरंजी) | १७ ऑगस्ट, रात्री १०:२५

काका, अभिनंदन, पण तूट पाचाची नाही, जास्त आहे. कागद हवेतलं पाणी धरतो. ऑगस्टात, तेही चिपळुणात, तो कोरड्या दिवसांपेक्षा शेकड्याला चार-पाच तरी जड भरणार. आम्ही पावसाळ्यात रंग जुळवताना यावरूनच रडतो, शीट फुगतं आणि छपाई सरकते. वजनावर जाऊ नका, हाताने मोजा.


लोकल_७_५२ (डोंबिवली) | १७ ऑगस्ट, रात्री १०:४०

शिसं काही वजन वाढवत नाही ना? विचारते आपलं. 😄


चित्रकलेच्या बाई (वाई) | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

३ जुलैच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन कागद शेजारी ठेवून फोटो टाका. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखवायचाय. आता तांब्या पुरे, शेजारी एक कांदा ठेवा.


भांडारपाल (चिपळूण) | १८ ऑगस्ट, दुपारी १:३०

मोजले. २१७. तूट १४.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली कागद बदलायचे होते, तुमच्या गठ्ठ्यातले वरचेच घेतले, पाठ कोरी होती. जाऊन बघितलं. डाळी, रवा, पोहे, सगळ्या डब्यांखाली माझे तांबे. उताणे घातलेत, म्हणजे चित्र वर. तिला विचारलं, कोरी बाजू वर का नाही घातली? म्हणाली, तेलाचा डाग कोऱ्यावर दिसतो.

तारखा बघितल्या, सगळे ९ ते १२ ऑगस्टचे. ते तिथेच राहू दिले आणि कार्डावर 'स्वयंपाकघर विभागास वर्ग' अशी नोंद केली. पण ते १३ भरले. एक कागद अजून लागत नाही.